नायट्रोजन कोण भरतं?

सोमवारी दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा राउशान चहात दूध ओतत होती. अल्माटीत महिन्याभरासाठी भाड्याने घेतलेली ती खोली इतकी लहान की, टेबलापाशी तिघं बसली की दार उघडायला एकाला उठावं लागायचं. नवरा केंजेबेक खिडकीकडे, सासू उम्सिन आपा शेगडीकडे, आणि मधे गावाहून आणलेल्या, कणकेच्या तळलेल्या बौर्साकांची पिशवी. फोनवर डॉक्टर झाउरेश सापारोव्नांचं नाव दिसल्याबरोबर केंजेबेकने चावता चावता तोंड थांबवलं.

"राउशान, पाच गर्भ आहेत. पाचही वाढताहेत," डॉक्टर म्हणाल्या. "आज तिसरा दिवस. परवा, बुधवारी, पाचवा. तेव्हा त्यातला सगळ्यात चांगला दिसेल तो मी लगेच तुमच्या गर्भाशयात सोडू शकते. नाहीतर कुठलाच सोडायचा नाही. टिकतील त्यांच्या चार-पाच पेशी काढून गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवायच्या, गर्भ गोठवून ठेवायचे. निकालाला तीन आठवडे लागतात. मग जो निरोगी निघेल तो नंतरच्या महिन्यात सोडायचा. बुधवारी सकाळी नऊच्या आत मला सही हवी."

"तुम्हाला काय वाटतं?"

"तुमचं वय अडतीस आणि आधीचे तीन गेलेत. मी तपासणी म्हणेन. पण एक ऐकून ठेवा, पाचातले बुधवारपर्यंत किती टिकतील याची खात्री नाही. आणि टिकले तरी तपासणीत सगळे नापास होऊ शकतात. मग सोडायला हातात काहीच नसेल. विचार करा."

फोन ठेवल्यावर राउशानने दोघांना सगळं सांगितलं. सांगताना तिच्या लक्षात आलं की आपण 'सगळे नापास' हे शब्द गाळले. का गाळले ते तिचं तिलाही कळलं नाही.

उम्सिन आपांनी कप खाली ठेवला. "गोठवायचं? पोर?"

"पोर नाही आपा, अजून नखाएवढंही नाही ते."

"मग तर आणखीच वाईट. अगं केलिन, सूनबाई, थंडीत घोडा कापतो आपण, मांस बाल्कनीत गोठवून ठेवतो. मार्चमध्ये वितळवलं की त्याला ती चव उरते का? सांग ना. मी चाळीस वर्षं शिजवतेय."

"आई," केंजेबेक म्हणाला, "मांसाशी काय तुलना करतेस."

"तूच सांग मग. रोज त्या बर्फाळ टाकीत हात घालतोस."

केंजेबेक उठला, कोट अंगावर चढवला आणि गाडीत पेट्रोल भरून येतो म्हणाला. पेट्रोल त्याने सकाळीच भरलं होतं, हे राउशानला ठाऊक होतं.

केंजेबेक सारकांदजवळच्या त्यांच्या गावात गुरांचा डॉक्टर होता. गायींना वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्यांनी गाभण करायचं हे त्याचं मुख्य काम, वीस वर्षांचं. जुन्या निवा गाडीत द्रव नायट्रोजनची टाकी टाकून तो गावोगाव फिरायचा, म्हणून लोक त्याला 'निवातला वळू' म्हणायचे. लग्नात तर त्याच्या मित्रांनी त्याच नावाने त्याची ओळख करून दिली होती आणि राउशानच्या वडिलांना ते अजिबात आवडलं नव्हतं. राउशान गावच्या पोस्टात. दर महिन्याच्या पेन्शनीच्या दिवशी खिडकीपुढे म्हाताऱ्यांची रांग लागायची. पैसे मोजून घेता घेता त्यातली एकेक तिच्या पोटाकडे बघायची आणि विचारायची, "काही बातमी, ऐनालायिन?" लाडाने विचारायच्या, वाईट भावनेने नव्हे. पण चाळीस बायकांनी चाळीस वेळा लाडाने विचारल्यावर तिला खिडकी बंद करून मागच्या खोलीत जाऊन पाणी प्यावं लागायचं.

पहिला गर्भ आठव्या आठवड्यात गेला. दुसरा अकराव्या. तिसरा मात्र राहिला. एकोणीस आठवडे राहिला. आत हालचाल होऊ लागली होती; पोस्टात शिक्का मारताना तो ठण् आवाज झाला की आतून ढुशी बसायची. मग जुलैमध्ये, केंजेबेक कळपाबरोबर वरच्या कुरणावर असताना, जिथे फोन लागत नाही, एका दुपारी सगळं संपलं. नर्सने टॉवेलात गुंडाळून विचारलं, बघायचंय? राउशान हो म्हणाली. तिने बघितलं. पुढे एक कागद आला, त्यावर गुणसूत्रांचा दोष असं लिहिलेलं. केंजेबेक पाच दिवसांनी खाली उतरला तेव्हा तिने त्याला एवढंच सांगितलं, "गेलं." त्यानेही जास्त विचारलं नाही. दोघांनाही वाटलं, न विचारून आपण दुसऱ्यावर दया करतोय.

त्यानंतर आयव्हीएफच्या सरकारी यादीत नाव घातलं. दोन वर्षांनी नंबर लागला. एकच प्रयत्न.

मंगळवारी सकाळी सोनोग्राफी होती. आपाही बरोबर आल्या. खोलीत एकटीने बसून भिंती बघायला मी काय कैदी आहे, म्हणाल्या. डॉक्टर झाउरेशनी पडद्यावर दोनदा मापं घेतली. राउशानचं पोट टम्म फुगलं होतं, चालताना दुखत होतं.

"बीजकोष सुजलेत. थोडं पाणीही साठलंय," त्या म्हणाल्या. "घाबरण्यासारखं नाही. पण अशात गर्भ राहिला तर सूज वाढू शकते. सोडू नका असं मी म्हणत नाही. मला फार आवडणार नाही, इतकंच."

उम्सिन आपा खुर्ची पुढे ओढून बसल्या. "डॉक्टरीणबाई, त्या तपासणीत मुलगा की मुलगी तेही कळतं म्हणे?"

"कळतं आपा. पण सांगत नाही. कायदा आहे."

"माझा एक कान बहिरा आहे. त्यात सांगा. मला ऐकूही येणार नाही."

डॉक्टर हसल्या, राउशानही हसली आणि पोटात कळ आली म्हणून तिने पलंगाची कड धरली. केंजेबेक दारापाशी टोपी हातात घेऊन उभा होता. तो हसला नव्हता.

बाहेर आल्यावर आपा समोरच्या दुकानात लोकरीचे मोजे बघायला गेल्या. ही दोघं गाडीत बसली. शहरावर धूर आणि धुकं एकत्र होऊन बसलं होतं, डोंगर आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. रस्त्याकडेच्या नाल्यात काळ्या बर्फाखालून पाणी वाहायला लागलं होतं. केंजेबेकने हीटर लावला.

"ताजाच सोडू या," तो म्हणाला.

"का?"

"उगाच कशाला लांबवायचं."

"तीन वेळा घाई झालीच की. आता एक महिना थांबायला काय जातं?"

"राउश, काय होईल ते आता होऊ दे. तपासून तरी काय, देणारा देतो तेच मिळतं."

ती त्याच्याकडे वळली. हा माणूस गाभण गायीला दोन महिन्यांनी तपासल्याशिवाय कागदावर टिकमार्क करत नव्हता, आणि आता बायकोला देणाऱ्याच्या गोष्टी सांगत होता.

"हे तू बोलतोयस की आपा?"

"मी बोलतोय."

"मग नीट बोल. गोठवण्याची भीती आपांना वाटली तर मी समजू शकते. तुला? वीस वर्षं तू त्याच कांड्या वापरतोस. अर्ध्या तालुक्याची वासरं तुझ्या टाकीतून निघालीत."

"वासरं वेगळी."

"कशी वेगळी?"

काचेवर साचलेली वाफ तो बोटाने पुसत राहिला. राउशानचा आवाज चढला. "ऐक केंजे. गेल्या वेळी तू वर होतास. मी बघितलं त्याला. नर्सने विचारलं बघायचंय का, आणि मी बघितलं. बोटं होती. नखं होती की नाही ते नीट दिसलं नाही. पुन्हा मला ते बघायचं नाही. तपासणीत पाचही नापास झाले तरी चालतील, कागदावर नापास होतील. माझ्या पोटात नाही."

केंजेबेकने स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले. तो म्हणाला, "तू हे मला सांगितलं नव्हतंस."

"तू विचारलं नव्हतंस."

"मीही तुला एक सांगितलेलं नाही," तो म्हणाला. "कोणालाच नाही."

आणि त्याने सांगितलं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, त्यांच्या लग्नाआधीच्या हिवाळ्यातली. फार्मवरच्या मोठ्या टाकीत एका जुन्या वळूच्या कांड्या होत्या. वळू मरून गेला होता, उरलं होतं ते तेवढंच. टाकीत दर आठवड्याला लाकडी पट्टी घालून नायट्रोजन किती उरलाय ते बघायचं, कमी असला तर भरायचा, हे त्याचं काम. त्या आठवड्यात त्याने बघितलं नाही. गुरुवारी नायट्रोजनची गाडी येणारच होती, मग कशाला. बुधवारी हिमवादळ उठलं आणि तीन दिवस थांबलं नाही. चौथ्या दिवशी तो कसाबसा फार्मवर पोचला, झाकण काढलं.

"पांढरी वाफ येते बघ झाकण काढलं की. थंडगार. हातावर बसते," तो म्हणाला. "ती आलीच नाही. आत हात घातला, तर साध्या भांड्यात घातल्यासारखा."

"मग?"

"मग गाडी आली. मी टाकी भरून घेतली. कांड्या पुन्हा गोठल्या. बाहेरून बघून काही कळत नाही गं, मेलेली कांडी आणि जिवंत कांडी अगदी सारखी दिसते. मी कोणाला सांगितलं नाही. नोकरी गेली असती. म्हटलं, काही तरी जगल्या असतील." त्याने हीटर कमी केला. "सगळा वसंत मी त्याच वापरल्या. गायी गाभण न राहता पुन्हा पुन्हा उलटत होत्या. लोक म्हणायचे चारा वाईट, गायी म्हाताऱ्या. मी मान हलवायचो. ती कुलाश आजी आहे ना, नदीकाठची? तिची एकच गाय होती. तीन वेळा मी गेलो, तीन वेळा उलटली. मीच तिला म्हणालो, आजी, ही भाकड झाली, विकून टाका. कसायाला विकली तिने."

राउशान ऐकत होती. बाहेर कोणीतरी गाडीच्या बॉनेटवर बर्फाचा गोळा ठेवून गेलं होतं, तो वितळून ओघळत होता.

"गाय चांगली होती," केंजेबेक म्हणाला. "आणि मी तिला भाकड म्हणालो. मग आपलं लग्न झालं. आणि मग…"

"आणि मग काय?"

त्याने मान खाली घातली.

"बोल की," ती म्हणाली. "मग मी. कुलाश आजीच्या गायीचं मी फेडतेय, असंच ना? दहा वर्षं तुझ्या डोक्यात हे होतं?"

"तसं नाही…"

"तसंच आहे! सगळं गाव माझ्याकडे बघतं, पेन्शन घेताना पोट बघतं, आणि तू घरात बसून मनात मला गोठ्यात बांधतोस!" ती रडत होती की ओरडत होती, तिला स्वतःलाही नक्की कळत नव्हतं. पोट दुखायला लागलं तशी ती थांबली आणि दोन्ही हातांनी ते सावरून बसली. तो घाबरून तिच्याकडे वळला. "हात लावू नकोस. दुखतंय, बाकी काही नाही."

ती तशीच बसून राहिली. राग होता. त्या म्हाताऱ्या बाईबद्दल वाईट वाटत होतं. पण त्याच्याही खाली तिला आता एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. हा घाई करत नव्हता, आईचंही ऐकत नव्हता. हा झाकण उघडायला भीत होता.

"तुला भीती कसली आहे? नक्की सांग," ती शेवटी म्हणाली. "देव, गाय, शाप ते सोड. टाकीचं बोल."

"तिथे नायट्रोजन कोण भरतं," केंजेबेक म्हणाला. "ते मला माहीत नाही. कोण भरतं, कधी भरतं, वादळ झालं तर काय करतात. माझ्यासारखा कोणी असेल तर?"

"मग चल विचारू."

"असं कसं विचारणार?"

"तोंडाने," राउशान म्हणाली आणि गाडीचं दार उघडलं.

प्रयोगशाळेची मुख्य रिम्मा तेन ही उश्तोबेकडची कोरियन बाई, पन्नाशीची, बुटकी, केस टोपीत घट्ट कोंबलेले. तिला मधेच बोलावलं म्हणून ती वैतागूनच बाहेर आली. राउशानने तिला दोन वाक्यांत सांगितलं. रिम्मा तेनने केंजेबेककडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"गुरांचं काम करता?"

"हो."

"तरीच. माणसांचे डॉक्टर हे कधी विचारत नाहीत." ती भिंतीला टेकली. "बोला."

केंजेबेकने विचारायला सुरुवात केली आणि राउशानला वाटलं, आपण या माणसाला पहिल्यांदाच काम करताना बघतोय. टाक्या किती? भरतं कोण? एकच माणूस का? तो आजारी पडला तर? मोजमाप पट्टीने घेता की नुसतं मशीन बघता? गाडी आली नाही तर? रिम्मा तेन तुटक उत्तरं देत होती. भरणारे दोघे, सोमवारी आणि गुरुवारी. पट्टीनेही घेतो, मशीनवर माझा विश्वास नाही. पातळी खाली गेली की भोंगा वाजतो आणि माझा फोन वाजतो, मी चार गल्ल्या पलीकडे राहते. एक भरलेली टाकी कायम राखीव.

"रिकामी झाली होती का कधी?"

"माझ्या हाताखाली नाही," ती म्हणाली. "होणारच नाही असं मात्र मी लिहून देणार नाही. तसं कोणी लिहून दिलं तर त्याच्याकडे गर्भ ठेवू नका."

आत कोणाला जाता येत नव्हतं. तिने त्यांना काचेपाशी उभं केलं, स्वतः आत गेली, जाड हातमोजे घातले आणि एका टाकीचं झाकण उचललं. पांढरी वाफ कडेवरून उतरली आणि जमिनीवर पसरली. तिने पट्टी आत घातली, बाहेर काढली, हवेत दोनदा हलवली. पट्टीवर हिमाची रेघ उमटत वर चढली. तिने ती काचेला लावून दाखवली. केंजेबेक काचेजवळ वाकला. त्याच्या श्वासाने काच धुरकट झाली, ती त्याने बाहीने पुसली आणि पुन्हा वाकला.

"भरलेली आहे," तो म्हणाला. राउशानला नव्हे, स्वतःलाच.

बुधवारी साडेआठला राउशानने सही केली. केंजेबेकने तिच्या सहीखाली आपली सही केली. उम्सिन आपा म्हणाल्या, "करा काय करायचं ते, माझं कोण ऐकतं," आणि व्हरांड्यात बसून ओठ हलवत प्रार्थना म्हणत राहिल्या.

पाचातले तीन टिकले. त्या दिवशी संध्याकाळी रिम्मा तेनचा फोन आला: तिन्हींच्या पेशी काढल्या, तिन्ही गोठवले, एक दोन तीन असे नंबर दिले. दुसऱ्या दिवशी ते गावी परतले.

तीन आठवडे. राउशान पोस्टात जात होती, शिक्के मारत होती, आणि फोन वाजला की तिचा शिक्का हवेतच थांबत होता. सूज उतरली. रात्रीची भांडी घासताना आपा मुद्दाम तिच्यापुढे निरोगी नातवंडांच्या गोष्टी सांगायच्या, शेजारणीच्या, मावसबहिणीच्या. एकदा राउशान म्हणाली, "आपा, पुरे." आपा ताट विसळत पुटपुटल्या, "मलाही झोप लागत नाही गं."

त्याच दिवसांत केंजेबेक नदीकाठी कुलाश आजीकडे गेला. राउशानने त्याला जा म्हटलं नव्हतं. परत आला तेव्हा बूट न काढता उंबऱ्यावर बसला.

"काय म्हणाली?"

"सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, दूध देत नव्हती म्हणून नव्हती रे विकली मी. भाकड म्हणालास म्हणून विकली. गाय शेवटपर्यंत माझ्यामागे फिरत होती." त्याने बुटाचा चिखल खरवडला. "मी म्हटलं कालवड आणून देतो. म्हणाली, माझं वय ब्याऐंशी, मी आता कालवड सांभाळू की स्वतःला. चहा दिला नाही."

त्यांच्या गावात दारात आलेल्या परक्यालाही चहा मिळतो. राउशान त्याच्या शेजारी बसली आणि दोघं अंगणातल्या चिखलाकडे बघत राहिली.

निकाल शुक्रवारी आला, पेन्शनीच्याच दिवशी. रांग दारापर्यंत होती. डॉक्टर झाउरेशचं नाव बघितल्यावर राउशानने खिडकीवर 'पाच मिनिटं' अशी पाटी लावली आणि मागे जाऊन पार्सलांच्या ढिगाऱ्यावर बसली.

"एक चांगला आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तीन नंबरचा. बाकी दोघांत दोष आहेत."

"एकच?"

"एक पुरतो, राउशान."

मग तिने विचारलं. विचारू नये असं वाटत असताना विचारलं. "त्या बुधवारी सोडला असता तर कोणता सोडला असता?"

"दोन नंबरचा. दिसायला तो सगळ्यात सुंदर होता."

राउशानला वाटलं होतं, आपण बरोबर ठरलो म्हणून छातीतला दगड उतरेल. तसं काही झालं नाही. पार्सलांवर बसल्या बसल्या तिला त्या दोन नंबरचंच वाईट वाटत राहिलं. बाहेर कोणीतरी खिडकीवर नाणं वाजवलं. "केलिन, झोपलीस का गं?"

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तारीख ठरली. सकाळी आठला गर्भ वितळवणार, बारा वाजता सोडणार. "वितळताना दगावला तर मी फोन करीन," डॉक्टरांनी सांगितलं होतं, "म्हणजे उगाच हेलपाटा नको. फोन आला नाही तर या." पण वाट सहा तासांची, त्यामुळे आठ वाजता ते निम्म्या रस्त्यात असणार होते.

आठ वाजले तेव्हा गाडी माळरानातून चालली होती. राउशानने फोन मांडीवर उलटा ठेवला होता. सव्वाआठ. साडेआठ. केंजेबेकने रेडिओ बंद केला. दोघंही बोलत नव्हती, जणू बोललं तर फोनला जाग येईल. नऊला वीस कमी असताना फोन वाजला. राउशानच्या तोंडून आवाज निघाला. केंजेबेकने गाडी कडेला घेऊन करकचून थांबवली.

तिने फोन उलटा केला. कानाला लावला.

"केलिन," उम्सिन आपांचा आवाज आला, "गोठ्याची किल्ली कुठे ठेवलीये यानं? गाय हंबरतेय कधीची."

राउशान इतकी हसली की तिला उत्तर देता येईना. केंजेबेकने फोन घेतला आणि ओरडला, "आई, खिळ्यावर! खिळ्यावर आहे! आणि दुपारपर्यंत फोन करू नकोस, तुझी शपथ!" मग फोन ठेवून तोही कपाळ स्टीअरिंगला टेकवून हसत राहिला, आणि हसता हसता त्याचे खांदे वेगळेच हलायला लागले. राउशानने त्याच्या मानेवर हात ठेवला. पाच मिनिटांनी ते निघाले.

तीन नंबरचा जगला होता. रिम्मा तेनने तो पडद्यावर दाखवला, एक करडा ठिपका, कडेला जरा फुगलेला. "जागा होतोय," ती म्हणाली. दुपारी तो राउशानच्या पोटात गेला. दुखलं नाही.

अकरा दिवसांनी रक्त तपासलं, हो आलं. आपा रडल्या, केंजेबेक गोठ्यात निघून गेला. राउशानने कोणाला काही सांगू दिलं नाही. तिला आनंद झाला नव्हता असं नाही, पण ती त्याला जवळ येऊ देत नव्हती. आठवा आठवडा गेला. अकराव्यात थोडं रक्त दिसलं आणि ते रात्रीत सारकांदच्या हॉस्पिटलात पोचले. हृदयाचे ठोके चालू होते, थांबलं ते रक्त. एकोणिसावा आठवडा ऑगस्टच्या सुरुवातीला आला. त्या वर्षी केंजेबेक कुरणावर गेलाच नाही. कळपाबरोबर चुलतभावाला पाठवलं आणि सात दिवस तो घरातून हलला नाही. राउशान पोस्टात गेली की समोरच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचा. म्हाताऱ्यांनी त्याला तिथे बघितलं, तिचा सैल झगा बघितला, आणि त्या महिन्यात एकीनेही काही विचारलं नाही.

विसावा आठवडा सुरू झाला. मग एकविसावा. तपासणी झाली म्हणून सगळं ठीक होईल असं नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि राउशान ते एकही दिवस विसरली नाही. पोटात हालचाल झाली की धास्ती, झाली नाही की त्याहून जास्त.

डिसेंबरच्या सत्तावीस तारखेला तालदिकोर्गानच्या प्रसूतिगृहात मुलगी झाली. तीन किलोला थोडी कमी, आणि आवाज मात्र भरपूर. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. सकाळभर राउशान दर थोड्या वेळाने तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघत होती, शेवटी नर्स म्हणाली, "अहो बाई, झोपू द्या तिला, ती काही कुठे पळून जात नाही."

दुपारी खाली अंगणातून हाक आली. राउशान भिंत धरत खिडकीपाशी गेली. तिसरा मजला. खाली गुडघाभर बर्फात केंजेबेक उभा होता, शेजारी लोकरीच्या शालीत गुंडाळलेल्या आपा. तो दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होता. काचेतून एक शब्द ऐकू येत नव्हता. राउशानने मुलीला उचलून काचेजवळ धरलं.

खाली आपांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. नंतर केंजेबेकने राउशानला सांगितलं की, त्या म्हणाल्या, "मला काही दिसत नाही रे. पण छान आहे."

मग त्यांनी त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आत गरम सूप पाठवता येईल का हे विचारायला दाराकडे निघाल्या. केंजेबेक तिथेच उभा राहिला. राउशानचे हात दुखायला लागले तरी तिने मुलीला बराच वेळ तसंच धरून ठेवलं.